यांच्या जागी

१

सकाळी देवापाशी दिवा लावायचा, चहाचं आधण ठेवायचं आणि त्याला उकळी फुटेपर्यंत मागच्या दारी जाऊन रोपाला तांब्याभर पाणी घालायचं, असा माझा क्रम बसून गेला होता. रोप मातीच्या कुंडीत होतं, मागच्या पायरीवर, भिंतीच्या कडेला. नवसाचं रोप. त्याला पाणी घालताना मी डोक्यावरून पदर घेत असे. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं बरं वाटायचं.

नवस मी उठसूट बोलते. मुलीची परीक्षा असो, छत गळत असो, हरवलेली किल्ली असो, माझं देवाशी काही ना काही ठरतंच. हे म्हणायचे, "तुझ्या देवाला म्हणावं, आमच्या घराकडे पाठ करून बस. तरच बिचाऱ्याला दोन घास सुखाने जेवता येतील."

यांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान. उभं आयुष्य उभ्याने गेलं. एका दुपारी मागच्या अंगणात नळावर तोंड धुताना पाय गेले आणि हे नळ आणि भिंत यांच्या मधल्या जागेत कोसळले. त्यानंतरचे दवाखान्यातले दिवस मला नीट आठवत नाहीत. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तेवढी आठवते. डॉक्टर म्हणाले होते, उठून बसतील, पण उभं राहायचं अवघड दिसतं. मी त्या खिडकीशी गेले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात बोलले:

"यांना पायांवर उभं कर. यांच्या जागी मी झाड लावीन."

जिथे माझा माणूस पडला तिथे काहीतरी उभं राहावं, वाढावं, सावली धरावी, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि हे उभे राहिले. आधी नर्सबाईंचा खांदा धरून, मग काठीवर. घरात आले ते आपल्या पायांनी. देवाने माझं ऐकलं याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. आजही नाही.

२

रोपवाली बाई तोंडाची फटकळ होती.

"जागा ठरलीय का?" रोप हातात देण्याआधीच तिने विचारलं.

"हो. नळापाशी."

"नळापाशी? म्हणजे मुळं पाइपात शिरली की झाडाला पाणी घालायला प्लंबर बोलावणार का?"

"अहो, नवसाची जागा आहे ती."

"असू दे की. नवस तुम्ही बोललात, रोप कुठे काय बोललंय?" मग माझा चेहरा बघून ती जरा मऊ झाली. "नळापासून हातभर सरका, भिंतीपासून दोन हात. आधी एक दिवस नुसतं बसून बघा, ऊन कुठून येतं, सावली कुठे जाते. झाडाची जागा एकदाच ठरते, मावशी. माणसासारखं ते आज इथे, उद्या तिथे करत नाही."

"मग आजच लावते. दिवस चांगला आहे."

"दिवस तुमचा चांगला असेल. त्याचा बघा ना! कोवळी पालवी फुटतेय अजून. अशात हलवलं की जीव धरत नाही. पालवी थांबू द्या, पानं जून होऊ द्या. मग एखाद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर लावा."

मी एक अख्खा दिवस मागच्या पायरीवर बसून सावल्या बघितल्या. भाजी तिथेच निवडली, कपड्यांच्या घड्या तिथेच केल्या. नळ आणि भिंत यांच्या मधोमध सकाळचं ऊन छान येत होतं आणि दुपारचं भिंत अडवत होती. जागा अगदी नामी होती. मी तिथे खुरप्याने एक गोल आखून ठेवला.

हे काठी टेकत आले आणि कुंडीपाशी थांबले. खिशातून कात्री काढली. कात्रीशिवाय यांचा खिसा कधी पाहिला नाही. वाकडं आलेलं एक पान बोटांच्या चिमटीत धरलं आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "साहेब, मागून बारीक करू? कल्ले ठेवायचेत का?"

मी हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कितीतरी दिवसांनी घरात कुणी असं हसलं होतं. मग हातातली काठी यांनी कुंडीत खोचली आणि रोप तिला सैलसर बांधलं.

"अहो, तुम्हाला लागेल ना ती!"

"मला नको आता. त्याला असू दे आधाराला."

खरंच, त्या दिवसानंतर यांना काठी लागली नाही.

३

पालवी थांबेना. रोज सकाळी शेंड्याला एखादं तांबूस पान उलगडलेलं असे. मी रोज म्हणे, आज शेवटचं असेल, उद्या थांबेल. आणि वाट बघे.

वाट बघता बघताच मला वस्तऱ्याचं लक्षात आलं.

न्हाणीघरातल्या फळीवर यांचा वस्तरा, ब्रश आणि साबणाची वाटी असते. न्हाव्याने गिऱ्हाइकासमोर खुंट वाढलेल्या गालांनी जाऊ नये, असा यांचा कडक नियम. उभ्या संसारात मी तो ब्रश सकाळी कोरडा पाहिला नव्हता. आता फळी पुसताना हाताला लागला तर काडीसारखा टणक. वाटीतल्या साबणाला भेगा पडलेल्या.

"अहो, दाढी करत नाही का हल्ली?"

"करतो की." यांनी गालावरून हात फिरवला. "केली असेल. बघ ना, आहे का काही?"

काहीच नव्हतं. गाल गुळगुळीत होता. थंडही होता, पण तो हवेचा असेल असं मी मनाला सांगितलं.

आमची मुलगी ताडमाड उंच, म्हणून यांनी तिचं नाव बुटकी पाडलेलं. हे दवाखान्यात गेल्यापासून दुकान तीच चालवते. ती म्हणाली, "बाबा, गालाला काय चोपडता ते मलाही सांगा. दुकानात पाटी लावते, दाढी कायमची बंद. आणि मग दुकानही बंद."

व्यायाम शिकवायला एक डॉक्टर घरी यायचे. त्यांना मी दाराशी गाठून हळूच विचारलं. औषधांनी केस गळतात, वाढायचे थांबतातही, असं ते म्हणाले. त्यांचं लक्ष यांच्या पायांवर होतं. "काकू, पाय बघा हो यांचे! मी ढकलून पाहिलं, हलले नाहीत. नुसते खांब!"

मी हात जोडले. मागितलं होतं तेच मिळत होतं.

फक्त हे आता बसत नव्हते. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. पुढच्या खोलीत खिडकीजवळ यांची वेताची खुर्ची आहे, तिची बैठक यांच्या आकाराने खोलगट झालेली. तिच्यावर कुणी बसेना. "बसा ना जरा," म्हटलं की, "बरं वाटतंय असंच," म्हणायचे आणि मागच्या अंगणात जायचे. नळ आणि भिंतीच्या मधे उभे राहायचे, तोंड उन्हाकडे करून. सकाळी पूर्वेला, मग हळूहळू वळत. मी सावल्या बघायला बसले होते तशीच आता यांच्या पाठीकडे बघत भाजी निवडू लागले.

४

एका सकाळी तांब्या घेऊन मागच्या दारी गेले तर कुंडी पायरीवर नव्हती. ती पुढच्या खोलीत, वेताच्या खुर्चीवर होती.

"बुटके, ही काय थट्टा?"

"मी कशाला ठेवू? बाबांनी ठेवली असेल."

हे अंगणात उभे होते. तिथूनच म्हणाले, "मला वाकता कुठे येतंय?"

ते खरं होतं. यांचे गुडघे वाकत नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आदल्या दिवशीपर्यंत वाकत होते का, ते काही केल्या आठवेना.

मी कुंडी पायरीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती, जेवायच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. तिथे यांचं ताट असतं. कुंडी जड होती, मला ती दोन्ही हातांनी कवेत घेऊन, धापा टाकत न्यावी लागे. मी मनाशी कारणं शोधली. बुटकीला झोपेत चालायची सवय लागली असेल. मीच आणून विसरत असेन. दवाखान्यातल्या जागरणांनी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जाता येता मी देवापाशी थांबून म्हणे, सांभाळ. काय सांभाळ ते सांगत नसे.

मग ती सकाळ आली. मी न्हाऊन खोलीत आले. ऊन पलंगावर पडलं होतं. यांच्या झोपायच्या बाजूला, चादर अंगावर ओढावी तशी, अर्ध्या उंचीपर्यंत चादरीत गुंडाळलेली कुंडी आडवी होती. मातीचा एक कणही सांडलेला नव्हता. रोपाचा शेंडा उशीवर टेकला होता आणि उशीला खळगा पडला होता, काडीएवढ्या शेंड्याने कधी पडणार नाही एवढा.

खिडकीतून अंगण दिसत होतं. हे आपल्या जागी उभे होते. केव्हा उठून गेले, कळलं नव्हतं.

मी चादर बाजूला केली. गादी उबदार होती.

कुंडी उचलायला म्हणून मी खोडाला धरलं आणि हात मागे घेतला. मग पुन्हा लावला. खोड खरखरीत होतं. वरून खाली बोट नेलं तर मऊ, खालून वर नेलं तर टोचत होतं. हा स्पर्श माझ्या हाताच्या ओळखीचा होता. रात्रपाळीच्या गिऱ्हाइकांमुळे उशिरा घरी आलेल्या माणसाच्या गालाचा होता.

५

मी बुटकीला दुकानातून बोलावून घेतलं. गर्दीतून निघायला तिला दुपार कलली. ती ॲप्रन न काढताच आली, खांद्यावर कुणाचे तरी केस.

"हात लाव," मी म्हटलं.

तिने धंद्याच्या सवयीने बोटाची मागची बाजू खोडावरून वर फिरवली, जशी ती खुर्चीतल्या माणसाच्या गालावरून फिरवते. तिचं बोट मधेच थांबलं.

"आई," ती म्हणाली, "ही कालची दाढी आहे."

आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो.

"तू नवस काय बोलली होतीस? शब्दन् शब्द सांग."

मी सांगितलं. तिने ते हळू आवाजात पुन्हा म्हणून बघितलं. "पायांवर उभं कर. यांच्या जागी मी झाड लावीन." मग माझ्याकडे बघितलं. "यांच्या जागी म्हणजे?"

"म्हणजे नळापाशी गं. पडले तिथे."

"म्हणजे बाबांच्या ठिकाणी."

"हो."

"बाबांच्या ऐवजी नाही."

"भलतंच काय बोलतेस! मनातलं कळतं त्याला."

"मनातलं कळतं तर तू शब्दांत कशाला बोलतेस?"

तेवढ्यात पुढच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला. हे घरात शिरताना खाकरतात तसा, आपण आलो हे कळावं म्हणून. दोनदा लहान, एकदा मोठा.

बुटकीने खिडकीतून अंगणात बघितलं. मीही बघितलं. हे पाठमोरे उभे होते, हात बाजूला जरा उचललेले. आणि कुंडी आमच्या मागे पलंगावर होती, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही दोघींनीही वळून बघितलं नाही.

"आई, लाव ते," बुटकी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आजच्या आज लाव. पालवी गेली चुलीत. तुझ्या मनात जी जागा होती तिथे लाव. म्हणजे बोललेलं फिटेल आणि बाबा आत येऊन बसतील."

"तू कुंडी घेऊन ये," मी म्हटलं. "मी खड्डा करते."

६

ऊन उतरलं होतं. रोपवालीने सांगितली होती तशीच वेळ, माती दिवसभराची तापलेली आणि हवा निवलेली. मी कुदळ आणि घमेलं घेऊन अंगणात आले. माझ्या मनात आशा होती, हे खरं सांगते. शब्द चुकला असेल, पण हातून काम बरोबर झालं तर देव काही शब्दावर अडून बसणारा नाही, असं मला वाटत होतं.

"अहो, सरका जरा. इथे झाड लावायचंय."

"कुठे सरकू?" यांनी विचारलं. खिजवल्यासारखं नव्हे. खरोखरच माहीत नसल्यासारखं.

"पायरीकडे या. चला, मी धरते."

मी दंड धरून ओढलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच होतं, हलणं नाहीच. हे माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "पायाशी गार वाटतंय गं. पाणी सोडलंस का?"

मी पाणी सोडलं नव्हतं. नळाभोवतालची फरशी कोरडी होती. मी खाली बघितलं. पावलं दिसत नव्हती. घोट्यांभोवती माती चढली होती आणि तिला गोल कड आली होती, पाणी थांबावं म्हणून झाडाला आळं करतात तशी. मी केलं नव्हतं. माझं खुरपं फळीवर होतं.

मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती ओढू लागले. वरची माती भुसभुशीत होती, सहज आली. खालची येईना. टाचेच्या मागे बोटं घातली तर काहीतरी बारीक, ओलसर, दोऱ्याच्या गुंत्यासारखं लागलं. मी जरासं ओढलं मात्र, हे वरून कळवळले, "आई गं!" त्या आवाजात काही बदल नव्हता. माझ्याच माणसाचा आवाज होता, सुई टोचल्यावर निघतो तसा.

मी ओढायचं थांबवलं. निघालेली माती परत लोटली.

मग मी डोळे मिटले. आता चूक करायची नाही, नीट बोलायचं, असं ठरवलं. "यांना मोकळं कर," असं ओठांवर आलं आणि मी ओठ आवळले, कारण मोकळं करणं म्हणजे काय, ते मी इतरांच्या घरी पाहिलं होतं. "यांना सोडव." तेही तसंच. "यांना घरात आण." घरात कुणीतरी खाकरलं होतं. "माझा माणूस मला दे." कुठला, ते कसं सांगायचं? जो शब्द उचलावा त्याला पाठीमागून दुसरं दार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे गप्प बसले. माझे दोन्ही हात यांच्या घोट्यांवर होते, तेवढे मात्र मी उचलले नाहीत.

"अगं, ऐकलंस का?"

हाक घरातून आली. पुढच्या खोलीतून, वेताच्या खुर्चीच्या दिशेने. खुर्ची करकरली, बसलेल्या माणसाने कूस बदलावी तशी.

"चहा मिळेल का या घरात?"

मी मान वर केली. हे माझ्याकडे बघत होते. यांनीही हाक ऐकली होती. ओठ हलले, पण आता आवाज आला नाही. फक्त कुठेतरी वर, मला नीट दिसेना इतक्या उंचावर, काहीतरी सळसळलं. वारा नव्हता.

मागचं दार उघडलं. बुटकी पायरीवर आली. मघाशी रडवेले असलेले तिचे डोळे कोरडे होते, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. हातात कुंडी नव्हती.

"अगंबाई, लावलंस पण?" ती कौतुकाने म्हणाली. "मला न बोलावता? आणि काय छान जीव धरलाय गं, वाटतंय का आजच लावलंय म्हणून!" ती जवळ आली, मान वर करून बघत राहिली. ती उंच, तरी तिला मान वर करावी लागली. "चल ना आत. बाबा कधीचे हाका मारतायत. दाढी करायची म्हणतायत, गरम पाणी दे म्हणे. कुणाशी बोलत होतीस एकटी?"

आतून पुन्हा हाक आली. तोच हेल, तोच लटका राग. जिच्यासाठी मी दवाखान्याच्या त्या खिडकीशी डोळे मिटले होते तीच हाक, जशीच्या तशी.

"आले," मी म्हटलं.

बुटकी आत गेली. दार तिने माझ्यासाठी उघडं ठेवलं, दिव्याचा उजेड पायरीपर्यंत आला.

मी उठले नाही. मला उठता येत होतं, पाय माझे होते. पण माझ्या तळहाताखाली, सालीच्या आत, एक शीर हळूहळू उडत होती. मी हात काढला असता तर ती कुणाला सापडणार होती?